भांडं उघडं आहे

९ जानेवारी १९५७, बुधवार

ओडा नर्सबाईने ही वही दिली. म्हणाली, "फिलोमेना, नवरा रोज किती खातो ते लिहीत जा. चमचे मोज." मी म्हटलं, तिसरीत शाळा सोडली, मला उसाच्या मोळ्या बांधता येतात, लिहिता कुठे येतं? ती म्हणाली, "आकडे येतात ना? मग झालं." बाई तोंडाने माझ्याच वळणाची आहे म्हणून मला आवडते.

चमचे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. ते तिचे. वही माझी.

आज चार चमचे.

एलियावर घोडा पडला नोव्हेंबरात. एकोणतीस वर्षं त्याने रँचची गुरं वळली, कधी खरचटलं नाही. आणि एका वासरामागे ओल्या गवतावर घोडा घसरला तो याच्या मांडीवरच बसला. सहा आठवडे हिलो शहरातल्या दवाखान्यात काढले. आता घरी आणलाय. हाड बसवलंय, पण धरत नाही. डॉक्टर म्हणतो, पोटात अन्न गेल्याशिवाय धरणार नाही.

म्हणून स्ट्यू केला. वाइमेआच्या या गारठ्यात आणि वाऱ्यात दुसरं काय करणार? खांद्याचं बीफ मोठे तुकडे करून, पीठ लावून, थोडं थोडं परतलं. सगळं एकदम पातेल्यात कोंबलं तर मांस परतत नाही, उकडतं. मग कांदा, सेलरी, टोमॅटो, तमालपत्र, पाणी. दोन तास. गाजर नंतर, बटाटा सगळ्यात शेवटी. वास कुंपणापर्यंत गेला. आणि हा चार चमचे खाऊन म्हणतो, "छान झालाय," आणि भिंतीकडे तोंड.

मी म्हटलं, छान झालाय तर भिंतीला भरवू का?

१२ जानेवारी, शनिवार

तीन चमचे.

रँचवरून बीफचा वाटा आला. एलिया कामावर नाही, तरी दर शनिवारी येतो. सोबत गुरं राखणाऱ्या पोरांनी फोडलेली लाकडं आणून टाकली, न सांगता. मुकादमाचे आभार मानायला गेले तर तो म्हणतो, "तू आभार मानतेस म्हणजे एलिया खरंच आजारी दिसतो." मेल्याला लाटणं फेकून मारणार होते. पण पोटातून आभार वाटले हे खरं. लिहून ठेवते, कारण तोंडाने मला ते नीट जमत नाही.

१६ जानेवारी, बुधवार

मांसच बदलून बघितलं. शेपूट घातली. चार तास शिजवली, रस्सा असा दाट की चमचा उभा राहील. पाच चमचे.

जेवायच्या वेळी शेजारची कापेका आजी दुकानातली पोई घेऊन आली. लाकडी भांड्यात ओतली, पाणी घालून हाताने सैल केली, मधोमध ठेवली. एलियाने एक बोट बुडवून चाटलं आणि हात मागे घेतला.

मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "म्हाताऱ्या बाईने पायपीट करून आणलं, मी चार तास चुलीपुढे उभी, आणि तू..."

"फिलोमेना!" आजीने माझ्या मनगटावर चापट मारली. "भांडं उघडं आहे."

झालं. पोईचं भांडं उघडं असलं की जेवणाऱ्यांनी भांडायचं नाही, टोचून बोलायचं नाही, घासाघीस करायची नाही. अळू म्हणजे या बेटाच्या मूळ लोकांचा, एलियाच्या माणसांचा, थोरला भाऊ. त्याच्याच अळकुड्या उकडून, कुटून पोई होते. थोरला पानावर बसलेला असताना धाकट्यांनी आवाज चढवायचा नाही. मी पोर्तुगीजांची पोर, आमच्यात पाव असतो आणि पावासमोर हवं ते बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूने सांगितलं होतं, पण मला वाटायचं, पोरांना गप्प बसवायची युक्ती असेल.

मी उठले. भांड्यावर ताटली झाकली. एलियाला जे सुनावायचं ते सगळं सुनावलं. ताटली काढली. बसले. जेवले.

आजी हसून हसून कवळी सांभाळत होती. एलियाही हसला, नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा.

निघताना आजीने अंगणात विचारलं, "माकाइओला कळवलंस?"

माकाइओ म्हणजे एलियाचा थोरला भाऊ. खाली वाइपिओ दरीत अळू लावतो. मी म्हटलं, नाही, आणि कळवणारही नाही. मोठी लाट आली त्या वर्षी समुद्राने त्याची सगळी शेतं धुऊन नेली, तेव्हा पाच महिने आमच्याकडे राहिला होता. पाच महिने उंबऱ्यावर बसून नुसता बाहेर बघायचा. मग एक दिवस जेवताना, सगळ्यांचे हात पोईत होते तेव्हा, मी स्पष्ट विचारलं: "या भांड्यात तू काय घालतोस, माकाइओ? नुसतं काढतोसच." तो बोटं धुऊन उठला आणि चालत दरीत गेला. अकरा वर्षं झाली, परत वर आला नाही. खरं बोललेलं माणसाला झोंबतं, त्याला मी काय करू?

आजी "जाते" म्हणून निघून गेली. चहा ठेवला होता तोही न घेता. काय बिनसलं कोण जाणे.

२१ जानेवारी, सोमवार

एलियाचं वजन केलं. उभं राहता येत नाही, म्हणून गोणी तोलायचा काटा आणून, झोळीत घालून टांगला. म्हणाला, "मला बाजारात नेताय का?" मी म्हटलं, कोणी घेणार नाही, नुसती हाडं. नर्सबाई हसली नाही. एकशे एकोणतीस पौंड. पडला तेव्हा एकशे ऐंशी होता.

डॉक्टरचा निरोप: फेब्रुवारीच्या बावीस तारखेपर्यंत वजन वाढलं नाही तर परत हिलोला, नाकात नळी घालून. नर्सबाईला बाहेर नेऊन विचारलं, नळी घातलेले परत येतात का? ती म्हणाली, "काही येतात."

ती खोटं बोलत नाही. 

२६ जानेवारी, शनिवार

आज माझ्या आईच्या पद्धतीने केला. बीफ आदल्या दिवशी व्हिनेगर आणि लसणात मुरवलं, बटाट्याऐवजी तांबडा भोपळा, सोबत घरचा पाव. मला वाटलं, चव बदलली तर जीभ जागी होईल.

"स्ट्यूसोबत काय आहे?" त्याने विचारलं.

"पाव."

"बरं." तीन चमचे.

हेच रोज विचारतो. काल भात होता, तेव्हाही "बरं". परवा दुकानातली पोई, तेव्हाही "बरं". एवढं विचारतोस कशाला मग?

पलंग पूर्वेच्या खिडकीशी सरकवून घेतला. म्हणाला, घोडे बघायचेत. घोडे तर पश्चिमेला असतात. पूर्वेला काय, दरीकडून येणारा रस्ता आणि धुकं. आजारात माणसाची दिशाही फिरते बहुतेक.

२ फेब्रुवारी, शनिवार

दोन चमचे.

कापेका आजी आली. मी बटाटे सोलत होते. समोर बसली, तिनेही एक सुरी घेतली. चार बटाटे सोलले. मग म्हणाली, "फिलोमेना, एक विचारू? माकाइओला बोललीस त्या दिवशी भांडं झाकलं होतंस?"

मी म्हटलं, "कशाला झाकू? जेवत होतो..."

आणि हातातला बटाटा हातातच राहिला.

अकरा वर्षं मी समजत होते की माझे शब्द झोंबले. शब्द नव्हेत! शब्द तर त्या माणसाने पाच महिने रोज ऐकले होते, आणि रोज हसून कान झटकले होते. मी त्याच्या थोरल्यासमोर त्याला उपरा म्हटलं. जन्मभर अळू लावणाऱ्याला, अळूच्या समोर, या भांड्यात तुझं काही नाही म्हटलं. तेही समुद्राने त्याचं होतं नव्हतं ते नेल्यावर.

आजीला म्हटलं, "अकरा वर्षं सांगितलं का नाही कोणी?"

ती म्हणाली, "मला वाटलं तू जाणूनबुजून केलंस. सगळ्यांना तसंच वाटलं. परवा तू ताटली शोधायला उठलीस तेव्हा मला कळलं, की हिला तेव्हा समजलंच नव्हतं."

म्हातारीने उरलेले बटाटे सोलले. 

४ फेब्रुवारी, सोमवार

दरीत जाऊन आले. गुडघे अजून बोलतायत.

पहाटे उठून स्ट्यू केला, नळीचं मांस, हाडासकट. पातेलं टॉवेलात बांधलं. नर्सबाईने गाडीने कड्यापर्यंत सोडलं, ती तिथल्या एका बाळंतिणीकडे जाणार होती. एलियापाशी आजी बसली. पुढची उतरण मी पातेलं पोटाशी धरून उतरले. तिथे रस्ता कसला, भिंतच आहे.

माकाइओ गुडघाभर पाण्यात वाकला होता. केस पांढरे झालेत. लाटेने नेलेली सगळी शेतं त्याने पुन्हा लावली आहेत, हिरवीगार, पानं माझ्या छातीएवढी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"कोण ते?"

"डोळे गेले का? मी फिलोमेना."

"आवाजावरून कळलंच. बघ, खेचरानेही कान पाडले." तो वाकलेलाच. "एलिया गेला का?"

"नाही. पण जायचं म्हणतोय. खात नाही."

"मग स्वयंपाक शिक."

माझ्या ओठांवर आलं होतं. वाटेने सगळं जुळवून ठेवलं होतं: सख्खा भाऊ मरतोय आणि तू चिखलात रुसून बसलायस, लाज वाटते का? पण तो पाण्याबाहेर आला, हातपाय धुतले, ओसरीवर पोईचं भांडं आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि झाकण काढलं.

"हां. आता बोल, काय बोलायचं ते."

लबाड माणूस!

मी तोंड उघडलं, मिटलं. जुळवलेलं सगळं निकामी झालं. त्याच्या कोंबड्या येऊन गेल्या. एक ढग डोंगरावरून उतरून शेतावरून गेला. एवढा वेळ मी जागेपणी कधीच गप्प बसले नव्हते. मग म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी भांडं झाकायला हवं होतं."

त्याने भांड्यावरची माशी हाकलली.

"आणि झाकूनसुद्धा ते बोलायला नको होतं."

मग त्याने दोन बोटं बुडवून पोई खाल्ली. पातेलं ओढून स्ट्यू खाल्ला. हाड चोखलं. "मीठ कमी आहे," म्हणाला.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं. हळू आवाजात.

खाऊन झाल्यावर सांगितलं त्याने. "तुझं मला फार लागलं नाही. तू वाइमेआचा वारा. लागतो, सगळ्यांनाच लागतो. पण एलियाचा हात भांड्यात होता आणि झाकण त्याच्या गुडघ्यापाशी. त्याने उचललं नाही."

मी म्हटलं, वर चल. तो म्हणाला, कालच कुटलीय, पोई घेऊन जा. मी पुन्हा म्हटलं, वर चल. तो खेचराला पाणी पाजायला उठला.

कापडात बांधलेली पोई घेऊन चढले. अर्ध्या वाटेवर बसून रडले. दमले होते, म्हणून.

५ फेब्रुवारी, मंगळवार

"स्ट्यूसोबत काय आहे?"

"पोई."

एलियाने बोट बुडवलं. तोंडात घातलं. आणि थांबला. दुकानातली दळलेली असते, पातळ, हिच्यात दगडाने कुटलेल्याची बारीक कणी लागते.

"कुठून आणलीस?"

"तुला माहीत आहे कुठून."

एक अख्खी वाटी स्ट्यू खाल्ला, त्यावर पोई. बटाटेसुद्धा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, म्हणाला, धूर होतोय. चूल तर मी केव्हाच विझवली होती. मी मनात देवाचे, अळूचे, बैलाचे, सगळ्यांचे आभार मानले.

मग त्याने विचारलं, "तो आला नाही?"

"नाही."

त्याने वाटी बाजूला ठेवली.

९ फेब्रुवारी, शनिवार

काल दोन चमचे. आज एक. पोई त्याच भांड्यात आंबतेय, आंबली की त्याला जास्त आवडते, तरी हात लावत नाही. काट्यावर एकशे सव्वीस.

मी म्हणत होते पोई हवी. पोई नको होती त्याला.

भांड्यावर ताटली घातली आणि म्हटलं, "एलिया, बोलले मी, चूक माझी, जाऊन कबूलही करून आले. तू कशाला उपाशी मरतोस?"

त्याने तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाला, "तू बोललीस तेव्हा झाकण माझ्या हाताशी होतं, मेना. मला वाटलं, ही खरंच बोलतेय. हा पाच महिने नुसता बसलाय. एवढंच, एका घासापुरतं वाटलं. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला दिसलं ते."

मी त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

जाऊन कापेका आजीला सांगितलं. तिचा पुतण्या सोमवारी खेचर घेऊन दरीत जातो. तिने माझ्या तोंडचे शब्द निरोपात धाडले, जसेच्या तसे: "माकाइओ, तुझ्या भावाला त्या घासापुरतं माझं बोलणं खरं वाटलं होतं, आणि तुला ते दिसलं हेही त्याला ठाऊक आहे. तो हे तुला स्वतः सांगू बघतो. त्याला चालता येत नाही."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पाऊस. मी गाजर चिरत होते. पलंगावरून एलिया म्हणाला, "मेना. पाण्यात कोणीतरी चालतंय." पूर्वेच्या रस्त्यावर खेचर, आणि पुढे लगाम धरून माकाइओ, चिंब भिजलेला.

आत आला. भावाकडे बघितलं. उरलेला एलिया बघून त्याचा चेहराच उतरला, पण म्हणाला काय, "घोडा बरा आहे ना?"

मी ताटं मांडली. स्ट्यू वाढला. माकाइओने आणलेली पोई भांड्यात ओतून मधोमध ठेवली. तिघे बसलो, एलिया उशांना टेकून. कोणी हात घालेना.

मग एलियाने झाकण उचललं आणि भांड्यावर ठेवलं.

"दादा, आता बोल."

आणि माकाइओ बोलला! मला वाटायचं, या घराण्यात तोंड फक्त मलाच आहे. "अकरा वर्षं! बायकोची जीभ तरी चालते, तुझी तर तीही नाही! समुद्राने शेत नेलं ते मी पाच वर्षांत पुन्हा लावलं. तू गेलास तो कुठे लावायचा होता मी?"

"मी गेलो? गेलास तू! एका घासावरून उठून गेलास! वर का आला नाहीस? कडाही समुद्राने नेला होता का?"

"तू खाली का आला नाहीस? तेव्हा पाय होते ना?"

"लाज वाटत होती!"

"मग तेच अकरा वर्षांपूर्वी सांगायचं होतंस, गाढवा!"

एलियाचा आवाज मी नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. छपराचा पत्रा वाजत होता. कुंपणापलीकडे कापेका आजी भर पावसात कपडे वाळत घालत होती. मी दोनदा स्ट्यू गरम करून आणला.

शेवटी दोघांचा दम संपला. माकाइओने विचारलं, "झालं?"

"झालं."

"तुझं?" मला विचारलं.

म्हटलं, माझं एवढंच आहे की गार झालेला बटाटा मला आवडत नाही.

त्याने झाकण काढलं. दोघांनी एकदम बोटं घातली. जेवले. नुसते जेवले. वाफ, पाऊस, चमच्यांचा आवाज. मी चमचे मोजायचे विसरले. कॅलेंडरवर लिहिलंय, "पुष्कळ".

१७ फेब्रुवारी, रविवार

माकाइओ राहिलाय. अळवाला आठ दिवस शेजारी पाणी सोडतील म्हणतो. सकाळी भावाला अंघोळ घालतो, दुपारी ओसरीवर पोई कुटतो आणि मला स्वयंपाकातलं शिकवतो. स्ट्यूत बटाट्याऐवजी अळकुडी घाल म्हणतो. मी म्हटलं, एका ताटात भाऊ दोनदा कशाला? पण घातली. चांगली लागते. त्याला सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

 नर्सबाई काटा घेऊन आली. माकाइओने एलियाला उचलून झोळीत ठेवलं. नर्सबाई वाकून आकडा बघत राहिली, इतका वेळ की मी ओरडलेच, "बाई, काट्याला पान्हा फुटायचाय का? सांगा!"

"एकशे तीस." चार पौंड वर. तिने पायही दाबून बघितला आणि म्हणाली, हिलोला नको. डॉक्टरला मी सांगते.

एलियाने डोळे मिटून घेतले. माकाइओने त्याचं डोकं दाबलं, पोरांचं दाबतात तसं. मी नर्सबाईला स्ट्यू वाढला, जेवल्याशिवाय सोडलं नाही. आजीलाही हाक मारली. रँचवरून गेल्या शनिवारी आलेला सगळा वाटा त्यात घातला होता. मुकादमाला एक डबा पाठवला आणि निरोप दिला की आभार मानतेय, तरी नवरा बरा आहे.

मग जरा मागच्या दारी जाऊन उभी राहिले. वारा होता. कोणाकोणाचे आभार मानायचे ते मोजू लागले, लाकडं फोडणारी पोरं, बटाटे सोलणारी म्हातारी, खोटं न बोलणारी नर्स, चिखलात पाय रोवून बसलेला दीर. मोजणं संपेना.

आतून एलियाने हाक मारली.

"मेना! अजून आहे का?"

मी आत धावले. पातेल्यात वाकून बघितलं, तळाला तमालपत्राचं एक पान चिकटलेलं, बाकी काही नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या घरात जेवण कधी कमी पडलं नव्हतं. आज पडलं. पातेलं तसंच त्याच्यासमोर नेऊन उपडं करून दाखवलं.

उद्या मोठं पातेलं काढते.